पाठ चालू असताना

देवधर सरांना नववी ब मधली शिवानी शाळेतून जायला हवी होती. गोष्ट एवढीच. पण शाळेत एवढीशी गोष्ट एवढ्याशात होत नाही, तिच्यासाठी समिती नेमावी लागते, आणि समिती नेमली की बटाटेवडे मागवावे लागतात.

आता, नको असलेलं मूल घालवायची पद्धत काही सरांनी काढलेली नव्हती. दहावीचा निकाल शंभर टक्के लागला असा फलक गेटवर लावायचा, तर दहावीला कोण बसणार ते नववीतच बघून घ्यावं लागतं. जो निकाल बुडवेल असं वाटतं किंवा जी डोक्याला ताप देते, त्यांच्या आईबापांना बोलवायचं, खुर्ची द्यायची, चहा पाजायचा आणि हातात शाळा सोडल्याचा दाखला ठेवायचा. "मुलांच्या भल्यासाठीच सांगतोय हो," असं वर म्हणायचं. आईबाप बिचारे चहा पितात, आभार मानतात आणि दुसरी शाळा शोधायला लागतात.

शिवानी काही नापास होणारी नव्हती. हीच तर पंचाईत होती. कल्याणजवळच्या मोहन्याहून रिक्षाने यायची, आई रतन तिकडे पोळी-भाजी केंद्र चालवायची, वडील विठ्ठल भिवंडीला गोदामात होते. मार्क बरे, अक्षर बरं, वेणी घट्ट. पण सरांच्या तासाला ही पोरगी उभी राहायची. दुसऱ्या कुणाच्या नाही, फक्त सरांच्या.

आणि देवधर सर म्हणजे काय साधे गृहस्थ होते का? अख्ख्या कल्याणात त्यांचं नाव होतं. गणित शिकावं तर त्र्यंबक देवधरांकडे, असं लोक म्हणायचे आणि खरंच म्हणायचे. फक्त ते गणित शाळेत मिळायचं नाही. शाळेत सर पगार घ्यायचे. गणित मिळायचं संध्याकाळी, रामबागेतल्या त्यांच्या क्लासमध्ये. शाळेतल्या मास्तरांनी क्लास काढायचा नाही असा नियम आहे, म्हणून पाटीवर नाव बायकोचं होतं. बाई संस्कृतच्या पदवीधर, पण पाटीवर मात्र गणिततज्ज्ञ.

नववी ब मधली बहुतेक मुलं क्लासला होती. त्यामुळे शाळेतला तास कसा सुटसुटीत झाला होता. सर यायचे, फळ्यावर धड्याचं नाव लिहायचे आणि विचारायचे, "हे झालंय ना?"

"झालंय!" वर्ग ओरडायचा.

"मग पुढची उदाहरणं घरी करा," म्हणून सर खुर्चीत बसायचे आणि क्लासच्या चाचणीचे पेपर तपासायला घ्यायचे. वर्गात मग बाजार भरायचा. त्याचं सरांना काही वाटत नसे. वाटायचं ते एकाच गोष्टीचं. त्या बाजारातून शिवानी उभी राहायची आणि म्हणायची, "सर, आमचं नाही झालं."

रोज, अगदी शांतपणे. "आमचं" म्हणजे तिचं आणि तिच्यासारख्या क्लासला न जाणाऱ्या पाच-सहा जणांचं. ते बाकीचे खाली मान घालून बसायचे, उभी ही एकटी राहायची. सरांच्या डोक्यात तिडीक जायची. अरे, एवढीशी पोर, आणि रोज उठून आपल्याला हिशेब विचारते!

तेव्हा सर मुख्याध्यापिका सुमतीबाईंकडे गेले आणि म्हणाले, दाखला द्या. सुमतीबाई वर्षभरात निवृत्त होणार होत्या आणि ते वर्ष त्यांना काचेच्या भांड्यासारखं जपून पलीकडे न्यायचं होतं. त्या म्हणाल्या, "सर, हल्ली असं नुसतं देता येत नाही. पालक व्हिडिओ काढतात. आपल्याकडे त्या क्षिप्रा मॅडम आल्यात ना, समुपदेशक, त्यांना विचारून रीतसर करू."

अशी समिती झाली. क्षिप्रा कंत्राटावर होती, वयाने लहान होती आणि वर हसतमुख होती, त्यामुळे तिला कुणी फारसं मोजत नव्हतं. तिने फळ्यावर लिहिलं, "आव्हानात्मक वर्तन म्हणजे काय?" आणि वळून म्हणाली, "आधी आपण व्याख्या करू. शिवानी नेमकं काय करते?"

"उद्धट आहे," देवधर सर म्हणाले.

"म्हणजे काय करते?"

"म्हणजे उद्धटपणा करते!"

"सर, मी वर्गात मागे बसले तर मला तो दिसेल का? ऐकू येईल का? कुणालाही सारखाच दिसेल असं काहीतरी हवं."

खेळाचे आनंद सर वड्याचा घास गिळून म्हणाले, "तिच्या चालण्यातच आगाऊपणा आहे." दुसऱ्या एका बाई म्हणाल्या, नजर. नजरेत काय आहे ते त्यांना सांगता येईना, पण आहे एवढं नक्की. कुणी म्हणालं, घरचे संस्कार. क्षिप्राने सगळं ऐकून घेतलं आणि फळ्यावर काही लिहिलं नाही. चटणी संपली, तरी व्याख्या काही होईना.

शेवटी देवधर सरांनीच सूत्रं हातात घेतली. व्याख्या म्हणजे गणितवाल्याच्या घरचं काम. त्यांनी उभं राहून खणखणीत सांगितलं, "लिहा. पाठ चालू असताना शिक्षकांच्या परवानगीशिवाय बोलणे, जागा सोडणे किंवा इतरांचे लक्ष विचलित होईल अशी कृती करणे." आणि 'पाठ चालू असताना' हे शब्द त्यांनी दोनदा सांगितले. एरवी वर्गात क्लासची मुलं जो धुडगूस घालत, तो यात यायला नको ना! सरांचं डोकं म्हणजे डोकं.

संस्थेचे अध्यक्ष रत्नदीपशेठ यांना व्याख्या फार आवडली. ते बिल्डर होते आणि कागदावर सगळं चोख दिसायला हवं ही त्यांची सवय होती. ते म्हणाले, "बेस्ट. पण एकट्या पोरीचं नाव नका घालू, वाईट दिसतं. जो कोणी या व्याख्येत बसेल त्याला दाखला, असं लिहा. सगळ्यांना सेम." त्यांचा देवेशही नववी ब मध्येच होता आणि अर्थातच सरांच्या क्लासला होता. सर गालातल्या गालात हसले. बसणार कोण, ते त्यांना ठाऊक होतं.

मग क्षिप्रा आठवडाभर सरांच्या तासाला मागच्या बाकावर बसली. सर रोज यायचे, शेष सिद्धांत झालाय ना विचारायचे, वर्ग झालाय म्हणायचा, सर पेपर काढायचे. शिवानी उठायची, "सर, आमचं नाही झालं." सर चष्म्यावरून मागे बघायचे आणि क्षिप्राला भुवईने खूण करायचे, की घ्या, लिहा. क्षिप्रा हसायची. सरांना वाटायचं, लिहितेय.

आठवडा संपल्यावर तिने कागद सुमतीबाईंच्या टेबलावर ठेवला. कोरा करकरीत.

"हे काय?" सर उडालेच. "डोळे मिटून बसलेलात का मॅडम?"

"नाही सर, रोज पेन उघडून बसलेले," क्षिप्रा म्हणाली. "पण पाठ चालू असतानाचंच लिहायचं असं आपलं ठरलेलं. तुम्हीच सांगितलेलंत. आठवडाभरात पाठ काही चालू झाला नाही. आज होईल, उद्या होईल, अशी मी वाट बघत होते."

सुमतीबाईंनी पदराने तोंड पुसलं. घाम नव्हता आलेला, पण पुसलं. देवधर सरांचा चेहरा असा झाला की बोलायची सोय नाही. त्यांना वाटलं, हिला आत्ताच्या आत्ता घरी पाठवावं. पण कंत्राट रत्नदीपशेठनी दिलेलं.

"ठीक आहे," सर दात आवळून म्हणाले. "उद्या या. उद्या पाठ चालू करतो. मग बघू कोण काय करतं."

आणि दुसऱ्या दिवशी सरांनी शाळेत गणित शिकवलं. खोटं कशाला बोला, काय शिकवलं! माणूस कामचुकार असेल, पण विद्येला कमी नव्हता. शेष सिद्धांत त्यांनी असा उलगडला की क्षिप्रासुद्धा, जिला शाळेत गणिताच्या नावाने ताप यायचा, ती पुढे सरकून बसली. फळ्यावर एकेक पायरी उतरत होती. शिवानी मान वर करायची, खाली घालायची, लिहायची. एकदाच तिने हात वर केला, सरांनी नाइलाजाने "बोल" म्हटलं, तिने शंका विचारली, सरांनी ती सोडवली आणि ती "थँक्यू सर" म्हणून बसली. सरांनी मनात चडफडत फळा पुसला.

आणि बाकीचा वर्ग? त्यांचं झालेलं होतं हो! महिन्यापूर्वीच झालेलं, रामबागेत, परीक्षेसकट. तेच परत ऐकायचं म्हणजे काय शिक्षा! आधी जांभया सुरू झाल्या. मग देवेश उभा न राहताच ओरडला, "सर, आता मायनस येणार!" दुसऱ्याने उत्तर सांगून टाकलं. तिसऱ्याने आधीच्या उत्तराला शिट्टी दिली. खिडकीजवळचे दोघे कंपासवरून हातघाईवर आले, कागदाचं विमान फळ्यावर आपटून सरांच्या खांद्यावर उतरलं, आणि कुणाच्या तरी दप्तरात मोबाइलवर गाणं वाजायला लागलं. सर ओरडतायत, "अरे, पाठ चालू आहे! पाठ चालू आहे!" आणि मागे क्षिप्राचं पेन नुसतं धावतंय. प्रत्येक वेळी सर "पाठ चालू आहे" म्हणाले की तिला शंकाच उरत नव्हती.

संध्याकाळी सुमतीबाईंच्या खोलीत रत्नदीपशेठनी कागद उचलला. त्यांनी तो लांब धरून वाचला, मग जवळ धरून वाचला.

"हा देवेश म्हणजे कोणता देवेश?"

"आपलाच," सुमतीबाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

"आणि ही बाकीची?"

"सगळी माझ्या..." देवधर सर बोलता बोलता थांबले.

"तुमच्या क्लासची, बरोबर?" शेठ म्हणाले. "म्हणजे आपल्या व्याख्येप्रमाणे शाळेतून कोण घालवायचं? अख्खा तुमचा क्लास आणि वर माझा पोरगा? आणि राहणार कोण, तर ती मोहन्याची पोरगी! अरे सर, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

कागद शेठच्या खिशात गेला आणि तिथून पुढे कुठे गेला ते कुणी विचारलं नाही. पण देवधर सर असे सोडणारे नव्हते. इतकी फजिती होऊन ती पोरगी उद्या परत उभी राहणार, परत "आमचं नाही झालं" म्हणणार, हे त्यांना सहन होईना. त्यांनी एकदम मोठ्या मनाचा तोडगा काढला. "तिला मी माझ्या क्लासमध्ये फुकट घेतो. मग तिचंही झालेलं असेल. प्रश्नच मिटला!"

शेठना तोडगा पटला, सुमतीबाईंच्या तर डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. लगेच दुसऱ्या दिवशी रतनला बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. ती घाबरूनच आलेली, चहाकडे बघून आणखी घाबरली, कारण शाळेचा चहा कशासाठी असतो हे मोहन्यातही माहीत होतं. फुकट क्लास म्हटल्यावर तिचा विश्वासच बसेना.

"देवधर सरांचा क्लास? फुकाट? अगं पोरी, पाया पड सरांच्या!"

शिवानी पाया पडली. मग उठून म्हणाली, "पण सर, क्लास संध्याकाळी असतो ना? संध्याकाळी मी आईबरोबर असते. लोक कामावरून उतरतात, तेव्हाच गर्दी असते. बाबा रात्री येतात. आई एकटी पोळ्या लाटेल की डबे भरेल?"

रतन म्हणाली, "मी बघीन माझं." पण तिच्या आवाजावरून तिलाही कळत होतं की होणार नाही.

"सर, तेच तुम्ही इथे शाळेत शिकवलंत तर?" शिवानीने विचारलं. "काल शिकवलंत ना, मला सगळं आलं. किती छान शिकवता तुम्ही."

ती मनापासून बोलली होती. पण सरांना वाटलं, भर सभेत कानाखाली काढली. ते उसळून म्हणाले, "हे बघ! शाळेत काय शिकवायचं ते मला सांगू नकोस. क्लासला यायचं नसेल तर नको येऊस. पण यापुढे माझ्या तासाला गप्प बसायचं. एक शब्द काढलास आणि मी तक्रार केली, की दाखला. बाई, लिहून घ्या."

सुमतीबाईंनी लिहून घेतलं. रतनने घाईघाईने मान डोलावली आणि मुलीचा दंड दाबला.

"गप्प बसून काय करू, सर?" शिवानीने हळूच विचारलं.

"काहीही कर! तोंड बंद ठेव म्हणजे झालं."

घरी जाताना रतनने तिला रिक्षात बजावलं, "हे बग, दहावी ह्याच शाळेतून व्हायची. आता नवी शाळा कोण देतंय? मुकी होऊन बस." शिवानी रडली. आईला दिसू नये म्हणून बाहेर बघून रडली. पण रडून झाल्यावर तिने विचार केला, की तास तर रोज आहे, आणि तास असाच वाया घालवायला आपण काही देवेश नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी "हे झालंय ना" विचारलं, वर्ग "झालंय" म्हणाला, आणि शिवानी उठली नाही. सरांनी तिच्याकडे बघितलं, तिने खाली बघितलं. सरांना इतकं बरं वाटलं की त्या दिवशी त्यांनी पेपरांत दोन-दोन मार्क वाढवून दिले.

शिवानी खाली बघून मेथी निवडत होती. आईने बांधून दिलेली जुडी मांडीवर, पानं पिशवीत, काड्या दुसऱ्या पिशवीत. कुणाला त्रास नाही, आवाज नाही. शेजारची म्हणाली, "दे ना मला थोडी, बोअर होतंय." तिच्या शेजारचीने मागितली. दुसऱ्या दिवशी शिवानीने दोन जुड्या आणि लसूण आणला. मुलांना लसूण दिला, कारण मुलांच्या हातात मेथी टिकत नव्हती. बघता बघता वर्गातला बाजार बंद पडला. ज्या पोरांना कंपासवरून मारामारी करायला वेळ होता, ती आता कुणाची पाकळी जास्त गुळगुळीत निघते यावर पैज लावत होती, तीही कुजबुजत. देवेशचा हात तर असा बसला की रतनने निरोप पाठवला, हा पोरगा कोण, लई चांगला सोलतो.

देवधर सरांना शांततेची सवय नव्हती. गोंगाटात त्यांचे पेपर भराभर तपासून व्हायचे, शांततेत चुका व्हायला लागल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मान वर केली आणि त्यांना सगळं दिसलं. पण तक्रार काय करणार? कुणी बोलत नव्हतं. कुणी जागा सोडली नव्हती. लक्ष विचलित होत होतं म्हणावं, तर कशावरून? आणि काहीही कर असं तर स्वतःच सांगितलेलं, साक्षीदारांसमोर.

शुक्रवारी रत्नदीपशेठ सुमतीबाईंबरोबर शाळेत फेरी मारायला निघाले. आठवीचे वर्ग कोकलत होते, नववी अ मध्ये बाक पडला, आणि नववी ब च्या दाराशी येऊन ते दचकून थांबले. टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता.

"ही आमच्या देवेशची ब?" त्यांनी विचारलं आणि ते आत शिरले.

अध्यक्ष आले म्हटल्यावर वर्ग रिवाजाप्रमाणे उभा राहिला. "न-म-स्ते स-र!" आणि पन्नासेक मांड्यांवरून मेथीच्या काड्या आणि लसणाची सालं खाली सांडली. देवेशने मूठ घट्ट मिटली, पण लसणाचा वास मुठीत मावतो होय?

शेठनी नाक वर केलं. "काय चाललंय हे?"

देवधर सरांनी घाईघाईने पेपर झाकले. मेथी म्हणावं, तर गणिताच्या तासाला मेथी का? आणि मेथी नव्हे, तर मग हे काय? "कार्यानुभव," ते म्हणाले. "कार्यानुभव, साहेब. हाताला काम दिलं की वर्तन सुधारतं. नवीन प्रयोग आहे."

"वा!" शेठ म्हणाले. "बाई, बघा. एवढी शिस्त! सगळ्या वर्गांत चालू करा." सुमतीबाईंनी लगेच डायरी काढली. आणि सर, काय सांगावं, सर चक्क फुलले. आता बक्षीससुद्धा मिळतंय की काय असं त्यांना वाटायला लागलं.

तेवढ्यात शिवानी बोलली. तिने आधी हात वर केला होता, पण तिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. तिला दाखला माहीत होता, आईने दाबलेला दंड माहीत होता. तरी ती बोललीच.

"सर, जुडी संपली. आता शिकवता का?"

सुमतीबाईंचं पेन थांबलं. त्यांनी सरांकडे बघितलं. आता सरांनी फक्त तक्रार आहे एवढं म्हणायचं होतं. सरांनी तोंड उघडलंही. पण अध्यक्षांसमोर तक्रार तरी काय मांडायची? की ही मुलगी मला शिकवा म्हणते?

"हो ना सर, शिकवा ना," देवेश मूठ सोडत म्हणाला. "बोटं नुसती जळतायत."

रत्नदीपशेठनी एकदा मुलाच्या बोटांकडे बघितलं, मग सरांकडे. पुढे काही न बोलता ते मागच्या बाकावर जाऊन बसले, काड्या हाताने बाजूला सारल्या आणि म्हणाले, "शिकवा सर. बघू तरी, शाळेत काय देतात ते. पुढचा धडा घ्या."

पुढचा धडा गुणोत्तर आणि प्रमाण. रामबागेत महिनाभर चाचण्याच चालल्या होत्या, त्यामुळे तो तिथे अजून कुणाचाच झालेला नव्हता. देवधर सरांनी खडू उचलला, फळ्यावर नाव लिहिलं, सवयीने वळले आणि विचारायला गेले. समोर अख्ख्या वर्गाने हात पुसून वह्या उघडल्या होत्या. संध्याकाळी क्लासमध्ये आता काय शिकवायचं, हे काही त्यांना सुचेना.